गाणं शिकवायचं नाहीये, गायला बसायचंय

तेरा ते एकवीस वयाच्या मुलामुलींना घेऊन आठवड्यातून एकदा गायला बसावं असं डोक्यात घोळतंय, पण 'आपल्याला कुठे गाता येतं' म्हणून पाऊल अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. तुम्ही शिक्षक असाल, मुलांसोबत काम करणारे स्वयंसेवक असाल, नाहीतर चार भावंडांतली थोरली ताई. मीही गवई नाही. सा बरा लागतो, ताना येत नाहीत, वरच्या पट्टीत आवाज चिरकतो. या कामाला एवढी पुंजी पुरते.

माझ्या पहिल्याच गटात मी हौसेने एक घोळ घातला. ओळख व्हावी म्हणून प्रत्येकाला एकेक ओळ गायला लावली. अकरा जण होते. सातव्या मुलीने ओळ अर्ध्यात सोडली आणि 'घसा बसलाय' म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, तिची मैत्रीणही आली नाही. घसा काही बसलेला नव्हता. तिच्या आधी जो मुलगा गायला त्याचा आवाज सुरेख होता आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या मीच सुरू केल्या होत्या.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की धरून चाललोय. गाण्याने मनाला जो काही उतार पडतो, तो आवाज गोड आहे की नाही यावर अवलंबून नसतो. तो बिघडतो तो कुणीतरी आपल्याला जोखतंय असं वाटल्यावर. म्हणून खाली ज्या पायऱ्या सांगितल्यात त्यांतल्या निम्म्या सुराबद्दल आहेत आणि निम्म्या परीक्षकाला खोलीबाहेर कसं ठेवायचं याबद्दल. परीक्षक बहुतेक वेळा आपणच असतो, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वयातल्या दर सात जणांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो. म्हणजे चौदा जणांच्या गटात असे दोघं असू शकतात. ते कोण, हे शोधत बसू नका. गाण्याची बैठक म्हणजे उपचार नव्हे आणि तुम्ही उपचारक नव्हे. हा आधार आहे, तोही आठवड्यातून पाऊण तासाचा.

शरीरात काय होतं

हे थोडं माहीत असलं की पुढच्या पायऱ्यांचं कारण कळतं.

श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर सोडताना मंदावतात. मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास सोडलात तर बऱ्याच जणांना हे जाणवतंसुद्धा. आता गाताना काय होतं पाहा: ओळीच्या आधी झटकन श्वास घेतला जातो आणि ओळ संपेपर्यंत तो जपून, हळूहळू सोडला जातो. म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या गाण्यात माणूस नकळत लांब उच्छ्वासाचा व्यायाम करून मोकळा होतो. 'प्राणायाम कर' म्हटलं की डोळे फिरवणारी मुलंही गाणं म्हणतात.

2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. जपमाळेवर म्हणायची लॅटिन भाषेतली ख्रिस्ती प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला होता. दोन वेगळ्या धर्मांतली पठणं, आणि लय जवळपास एकच. सहा श्वास म्हणजे दहा सेकंदांचा एक. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. 2013 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांचे ठोके मोजले, तेव्हा गाण्याच्या ओळींच्या लांबीप्रमाणे सगळ्यांचे ठोके एकत्र चढउतार करताना दिसले. कारण सरळ आहे. ओळ एक, तर श्वास एक, आणि श्वास एक तर ठोक्यांची लयही एक.

इंटरनेटवर या विषयावर फार पतंग उडवलेले दिसतील. 'व्हेगस नर्व्ह जागी करा, चिंता घालवा' वगैरे. व्हेगस म्हणजे मेंदूतून निघून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस. स्वरयंत्राला जाणाऱ्या नसा तिच्याच शाखा आहेत हे खरं, पण त्यावरून तीस सेकंद गुणगुणलं की नैराश्य पळालं असं होत नाही. मुलांना असली आश्वासनं देऊ नका. ती करून बघतात, काही होत नाही, आणि मग आपल्यातच काहीतरी खोट आहे असं धरून बसतात.

बैठक भरवण्याआधी

आठ ते पंधरा जण बरे. पाचांपेक्षा कमी असले की प्रत्येकाचा आवाज सुटा ऐकू येतो आणि लाजणाऱ्याची पंचाईत होते. वेळ पाऊण तास. दार बंद होणारी खोली हवी. बाहेरून कुणी डोकावणार नाही एवढं पाहा. तानपुऱ्याचं ॲप आणि एक बरा स्पीकर असला की वाद्याची गरज नाही.

गोलात बसवायचा मोह होतो. पहिल्या दोन बैठकांत तो टाळा. गोलात सगळे सगळ्यांची तोंडं बघतात, आणि गाताना आपलं तोंड कसं दिसतं ही या वयातली फार मोठी काळजी असते. सगळ्यांना खिडकीकडे तोंड करून उभं करा, तुम्हीही त्यांच्यातच उभे राहा. गोल तिसऱ्या-चौथ्या वेळी आपोआप होतो.

नियम तीनच सांगा. एक, मोबाइल पिशवीत; कुणीही कुणाचं रेकॉर्डिंग करायचं नाही. स्वतःचा आवाज आपण हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे तो आपल्याला भरदार वाटतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तोच पातळ, परका ऐकू येतो. मोठ्यांनाही तो आवडत नाही, मग पंधराव्या वर्षी तो ग्रुपवर फिरला तर काय होईल विचार करा. दोन, कुणाच्याही गाण्यावर शेरा नाही. चांगलासुद्धा नाही. 'वा, काय आवाज आहे' हे ऐकणाऱ्या बाकीच्या दहा जणांसाठी वाईट शेराच असतो. तीन, न गाण्याची मुभा. नुसते ओठ हलवा, टाळीने ठेका धरा, भिंतीला टेकून बसा. बसलेल्याला दर पाच मिनिटांनी 'ये ना' म्हणायचं नाही.

पायरी 1: श्वास सोडणं

'खोल श्वास घ्या' हे वाक्य विसरा. तसं म्हटलं की मुलं खांदे कानापर्यंत नेतात, छाती फुगवतात आणि दम कोंडून उभी राहतात. सांगायचं ते सोडायला. आधी आत आहे तेवढी हवा 'फू' करून बाहेर टाका. क्षणभर थांबा. पोट आपलं आपण हवा ओढून घेतं, त्याला घेऊ द्या. मग सायकलच्या चाकातून हवा सुटावी तसा बारीक 'स्स्स्' काढत श्वास सोडायचा. तीन आकड्यांत आत, सात आकड्यांत बाहेर, म्हणजे दहा सेकंद. असे पाच-सहा श्वास झाले की पुरे.

मुलं यात हटकून शर्यत लावतात, कुणाचा 'स्स्स्' जास्त वेळ टिकतो म्हणून. एखाद्या दिवशी लावू द्या, हसतात. पण रोज नको, कारण शर्यतीत माणूस शेवटच्या थेंबापर्यंत दम पिळतो आणि मान-गळा आवळतो. दमसास वाढवणं हा गवयाचा उद्योग, आपल्याला फक्त घाई काढून टाकायची आहे.

एक सावधगिरी. ज्यांना अचानक घाबरून छातीत धडधडण्याचा त्रास आहे, अशा काही मुलांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलटच होतं, धडधड वाढते. कुणी कासावीस दिसलं तर त्याला मोजायला लावू नका, सरळ पुढच्या पायरीवर न्या. गुणगुणताना श्वासाची वेगळी आठवण काढावी लागत नाही. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर खाली बसवा आणि नेहमीसारखा श्वास घेऊ द्या.

पायरी 2: गुणगुण, फुरफुर आणि स्ट्रॉ

ओठ मिटलेले, आत दात किंचित विलग, आणि 'म्'. कुठलाही सूर, ज्याला जो सोयीचा. तळहात छातीच्या मधल्या हाडावर ठेवायला सांगा. खालच्या सुरात तिथे थरथर लागते, सूर वर नेला की ती थरथर ओठांकडे, नाकाकडे सरकते. बहुतेकांना हे आधी माहीतच नसतं. डोक्यात विचारांचं मोहोळ उठलेल्या मुलाला 'मन शांत कर' म्हणणं व्यर्थ आहे, पण 'थरथर आत्ता कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर त्याला शोधता येतं, आणि तेवढा वेळ तो डोक्यातून हाताखाली उतरलेला असतो.

त्यानंतर ओठांची फुरफुर, घोडा करतो तशी. ही न हसता जमत नाही, म्हणूनच ती पहिल्या बैठकीत ठेवायची. सगळेच वेडे दिसतात, तुम्ही सगळ्यांत जास्त दिसा.

स्ट्रॉचा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. पेल्यात निम्मं पाणी घ्यायचं, स्ट्रॉचं टोक दोन बोटं खोल बुडवायचं, आणि स्ट्रॉमधून 'ऊ' गायचा. पाण्यात बुडबुडे यायला हवेत आणि घशातून सूरही. नुसते बुडबुडे आले तर सूर निघत नाहीये. सूर आला आणि पाणी स्तब्ध राहिलं तर हवा नाकातून पळतेय. बुडबुडे सारखे येत राहतील इतपतच जोर लावायचा. पाणी उडायला लागलं की जोर जास्त झाला. मग तोच 'ऊ' खालून वर, वरून खाली घसरगुंडीसारखा न्यायचा. स्ट्रॉच्या अरुंद तोंडामुळे हवेचा थोडा दाब मागे परततो आणि स्वरतंतू एकमेकांवर आदळण्याऐवजी हलके टेकतात, त्यामुळे घशाला ताण न पडता आवाज मोकळा होतो. अमेरिकेतले आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झे यांनी हा व्यायाम जगभर पोचवला. मुलांना एवढं शास्त्र सांगायची गरज नाही. त्यांना फक्त इतकं जाणवतं की पाण्यात कुणाचा आवाज चांगला, कुणाचा वाईट हे कळत नाही. एक मुलगी महिनाभर बाकी कशातच आवाज काढत नव्हती. पेला हातात आला की मात्र सुरू व्हायची. प्रत्येकाचा पेला आणि स्ट्रॉ वेगळे ठेवा, एवढं सांगायला नको.

पायरी 3: ज्याची त्याची पट्टी

पेटीच्या भाषेत पुरुषांचा सा साधारण काळी एकच्या (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास असतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. त्यामुळे तुम्ही पुरुष असाल आणि तुमच्या पट्टीत मुलींना गायला लावलंत तर त्या गुदमरतील, उलट केलंत तर मुलगे किंचाळतील. गटासाठी मधली पट्टी काढा आणि ज्यांना ती उंच पडते त्यांना बिनदिक्कत खालच्या सप्तकात गाऊ द्या.

फुटत्या आवाजाच्या मुलांना यातलं काहीच लागू होत नाही. साधारण बारा ते सोळाच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण थोडाच, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. हे चालू असताना मधल्या काही सुरांवर आवाज दगा देतो, काल होता तो सूर आज नसतो. माझ्या एका गटात असा चौदा वर्षांचा मुलगा होता. लहानपणी शाळेत प्रार्थना सांगायचा म्हणे. तीन आठवडे नुसते ओठ हलवत उभा राहिला. चौथ्या आठवड्यात त्याच्या शेजारी उभं राहून मी खर्जातला सा धरला, त्याच्याकडे न बघता. थोड्या वेळाने तो मिसळला. त्याच्याकडे तेव्हा तीनच सूर भरवशाचे होते. आम्ही त्या तीन सुरांत बसणारी एक ओळ शोधली आणि ती वर्षभर त्याचीच राहिली. अशा मुलांना 'आता काही महिने गाऊ नकोस' असं सांगणारे अजूनही भेटतात. ओरडून गाऊ नये हे खरं, पण हलक्या आवाजात, आटोपेल त्या सुरांत गायला काही हरकत नाही. उलट याच दिवसांत गाणं सुटलं की ते बहुधा कायमचं सुटतं.

आणि 'मी बेसूर आहे' म्हणणारे. सुरांतला फरक खरोखरच कळत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी, शंभरात दोन-चार. बाकीच्यांना लहानपणी कुणीतरी 'तू मागे उभी राहा' म्हटलेलं असतं. त्यांच्यासाठी एक युक्ती आहे: तुमच्या सुरात त्यांना ओढू नका. त्यांना हवा तो सूर गुणगुणायला सांगा आणि सगळ्या गटाने जाऊन त्यांच्या सुराला मिळायचं. आयुष्यात पहिल्यांदा ती व्यक्ती सुरात असते, कारण सूरच तिचा आहे. कणसूर राहिलं तरी बिघडत नाही. इथे कुणी गुण देत नाहीये.

पायरी 4: एकच सूर, सगळ्यांचा

सगळी बैठक विसरलात तरी चालेल, ही पायरी सोडू नका.

तानपुरा लावा. सगळ्यांनी सा धरायचा, 'आ'कारात, हलक्या आवाजात. नियम असा की सूर तुटता कामा नये, पण तो एकट्याने टिकवायचा नाही. दम संपत आला की हळूच बाहेर पडायचं, निवांत श्वास घ्यायचा आणि तितक्याच हळूच परत मिसळायचं. शेजारचा श्वास घेत असेल तर तेवढं आपण थांबायचं. बस्स.

सुरुवातीला सगळे एकदमच श्वास घेतात आणि सूर मध्येच खड्ड्यात जातो. हशा पिकतो. दुसऱ्यांदा प्रत्येक जण दम ओढून ताणतो, चेहरे लाल होतात. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात कधीतरी ते बसतं. कुणाचाही श्वास दहा-बारा सेकंदांच्या पुढे जात नाही आणि सूर मात्र चार मिनिटं अखंड चाललेला असतो. मधूनच कुणी बाहेर पडल्याचं कळत नाही, परत आल्याचंही कळत नाही. मुलं शेजाऱ्याचा श्वास ऐकायला लागतात, न बघता. एकदा मी मध्येच गायचा थांबलो, सूर चालूच राहिला, आणि एका मुलाने माझ्याकडे बघून खांदे उडवले, 'तुमच्यावाचून काही अडत नाही' अशा अर्थाने.

रोज घरी, शाळेत, क्लासमध्ये ज्या मुलांवर 'टिकून राहा, मागे पडू नकोस' हेच बिंबवलं जातं, त्यांना मध्येच थांबायची परवानगी असलेली जागा सहसा मिळत नाही. मी यावर भाषण देत नाही. एकदा दिलं होतं, सगळ्यांची तोंडं पडली.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे प्रौढांचे वर्ग सात महिने पाहिले होते. शेवटी तिन्ही वर्गांतली माणसं सारखीच जवळ आली होती, पण गाणाऱ्यांची गट्टी सगळ्यांत आधी जमली. एकमेकांशी काही न बोलता जवळ येता येणं हे लाजऱ्या मुलांसाठी सोन्यासारखं आहे, आणि माझ्या अनुभवात ते सगळ्यांत लवकर घडतं ते या एका सुरात.

या पायरीला कधीकधी कुणाचे डोळे भरून येतात. घाबरू नका, सूर थांबवू नका, सगळ्यांसमोर 'काय झालं' विचारू नका. चालू द्या. नंतर बाजूला, पाणी हवंय का एवढंच विचारा आणि दोन मिनिटं तिथेच रेंगाळा. बोलायचं असेल तर बोलतील.

पायरी 5: हाक आणि उत्तर

एकाने चार मात्रांचं काहीतरी म्हणायचं, बाकीच्यांनी तसंच परत द्यायचं. शब्द हवेतच असं नाही: 'धिन ता', 'हे हो', जांभई, शिंक, काहीही चालतं. हाक देणारा स्वेच्छेने पुढे येतो, पाळी लावायची नाही. पाच मिनिटांच्या वर ताणू नका, विनोदवीर ताबा घेतात.

पायरी 6: गाणी कुणी निवडायची

मुलांनी. तुमच्या आवडीची भावगीतं घरी म्हणा. चिठ्ठ्या टाकून दर वेळी एकाचं गाणं उचला. मतदान घेतलं की त्याच तिघांची गाणी होत राहतात. पट्टी खाली आणा, अवघड कडवं 'ला ला' करून पार करा, नुसतं ध्रुवपद म्हटलं तरी चालतं.

दुःखी गाण्यांबद्दल नेहमी विचारणा होते. मुलं अशीच गाणी आणतात आणि मोठ्यांना वाटतं, काहीतरी उमेदीचं गायला हवं. उदास मुलाच्या हातात आनंदी गाणं दिलं की त्याला ते टोचतं. संगीतोपचार करणारे एक जुनं तत्त्व वापरतात: आधी मन आहे तिथलं गाणं घ्यायचं, मग एकेक पाऊल पुढे सरकायचं. म्हणून मी दुःखी गाणं आधी घेतो, मनापासून घेतो, आणि त्याच लयीतलं पण जरा मोकळं दुसरं त्याला जोडतो. काळजी वाटायला हवी ती वेगळ्या गोष्टीची. एकटं बसून, कानात हेडफोन घालून, तेच एक गाणं रात्री पंचवीस वेळा ऐकणं, आणि ऐकून झाल्यावर आधीपेक्षा जास्त जड वाटणं. त्याने दुःख वाहून जात नाही, घोटलं जातं. मुलांना सरळ विचारा, 'हे गाणं संपल्यावर हलकं वाटतं की जड?' ती प्रामाणिक उत्तर देतात. स्वतःला इजा करून घेणं सुंदर भासवणारी गाणी मात्र मी घेत नाही, आणि का घेत नाही ते आणणाऱ्याला एकट्याला सांगतो.

महिन्या-दीड महिन्याने ओळखीच्या चालीवर स्वतःच्या दोन ओळी लिहायला सुचवा. परीक्षा, आई, मोडलेली मैत्री, काहीही. कागदावर नाव नको. वाचून दाखवायची सक्ती नको.

पायरी 7: थांबणं

शेवटची तीन मिनिटं परत 'म्' वर या. आवाज बारीक करत करत विरू द्या. मग पंधरा-वीस सेकंद काही नाही. ती शांतता भरायची घाई तुम्हालाच होईल. नका भरू. 'आज कसं वाटलं' ही फेरीही नको. दार उघडा, मुलं आपसांत बोलत बाहेर पडतात, त्यात सगळं कळतं.

बैठकीला न येणाऱ्यासाठी

काहींना गट झेपतच नाही. त्यांना दहा मिनिटांचा एकट्याने करायचा क्रम द्या: दोन मिनिटं 'स्स्स्', तीन मिनिटं गुणगुण किंवा स्ट्रॉ, उरलेल्या वेळात एक गाणं, उभं राहून आणि शक्यतो उशीत तोंड न खुपसता. घरात ऐकू जाण्याची धास्ती असेल तर पंखा लावा, नळ सोडू नका. झोपेआधी करायचं असेल तर उंच सुरांचं गाणं टाळून गुणगुणण्यावरच संपवा. गाता गाता रडू आलं तर येऊ द्यावं. मात्र रोजच तसं होत असेल तर ते कुणाला तरी सांगावं.

घशाची काळजी, दोन शब्दांत

गाताना दुखलं की थांबायचं. 'दुखतंय म्हणजे खुलतोय' हे खोटं आहे. सारखं खाकरू नये, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोटभर पाणी प्यावं. घसा बसला असेल तर कुजबुजणंही नको, त्याने आराम मिळतोच असं नाही, गप्प राहणं बरं. आवाजाचा घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. फुटत्या आवाजाचा घोगरेपणा यातून वगळा, पण दुखत असेल तर तोही दाखवा.

जिथे गाणं पुरत नाही

एखादं मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ झोपत नाहीये, जेवत नाहीये, आवडीच्या गोष्टी सोडून बसलंय, हातावर जखमा लपवतंय, किंवा 'मी नसलो तर बरं' अशा अर्थाचं काही बोलतंय, तर गाण्याचा आणखी एक तास हा त्यावरचा उपाय नाही. त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसापर्यंत आणि डॉक्टर किंवा समुपदेशकापर्यंत पोचवा. तुमच्या भागातल्या मदतवाहिनीचा क्रमांक आणि एका समुपदेशकाचं नाव पहिल्या बैठकीआधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा; ऐन वेळी शोधताना हात कापतात. 'मरावंसं वाटतं का' असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मात्र कधीच देऊ नका. 'तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल' हे आधीच बोलून ठेवा. मुलांना ते पटतं. नंतर फसवल्यासारखं वाटणं त्यांना पटत नाही.

वही आणि कार्यक्रम

प्रत्येक बैठकीनंतर चार ओळी लिहा: कोण आलं, कोण नाही, कुठे हसू फुटलं, कुठे अवघडलं. सूर किती सुधारला ते लिहू नका. दोन वेळा न आलेल्याला निरोप पाठवा, 'का आला नाहीस' असा नको, 'गुरुवारी आहोत' एवढाच.

तिसऱ्या महिन्यात कुणीतरी मोठा माणूस म्हणेल, 'मुलं छान गातायत, एखादा कार्यक्रम ठेवू या.' पहिले सहा महिने तरी नको म्हणा. रंगमंच आला की निवड येते, पुढची रांग-मागची रांग येते, आणि ज्याच्याकडे तीनच सूर आहेत तो आधी गळतो. मुलांनीच हट्ट धरला तर माझा तोडगा असा आहे: पाहुण्यांना बोलवा, पण खुर्च्या मांडू नका. आल्या आल्या त्यांना मुलांच्या मध्ये उभं करा आणि सा धरायला सांगा. श्वास कुठे चोरायचा ते मुलं शिकवतील.